मिलानच्या मंचावर कोल्हापुरी पायताण

जून 2025मध्ये मिलानला प्राडा कंपनीच्या फॅशन शोमध्ये मॉडेलांच्या पायांत आपलं कोल्हापुरी पायताण दिसलं. कंपनीच्या वर्णनात मात्र नुसतं ‘चामड्याचं सँडल’. कोल्हापूरचं नाव कुठंच नाही! फोटो इन्स्टाग्रामवर फिरले आणि लोकांनी थेट कंपनीलाच जाब विचारला. रागावलेल्यांपैकी किती जणांनी कधी कापशी चप्पल घातली होती, अंबाबाई जाणे! पण कोल्हापुरी चपलेला 2019मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन हाताशी होतं. त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचेही चार जिल्हे आहेत, हे भांडणाच्या भरात बरेच जण विसरले. महाराष्ट्र चेंबर या व्यापारी संघटनेनं कंपनीला पत्र लिहिलं, प्राडानं सँडलचं कोल्हापुरी मूळ मान्य केलं. जुलैत कंपनीची माणसं कोल्हापुरात कारागिरांना भेटली. डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला, सुमारे 2,000 जोड बनवण्याचा.