छत्तीस गुण आणि दहा खुणा



लग्न जुळवताना आपण पत्रिका पाहतो. छत्तीसांपैकी अठरा गुण जुळले की वडीलधारी माणसे मान डोलावतात. आज ज्या जुळणीविषयी मी सांगणार आहे, तिथे निम्म्यावर सहसा भागत नाही.

आपल्या हाडांत मगज असतो. त्यातल्या मूळ पेशींपासून रक्त तयार होते. रक्ताच्या कर्करोगात किंवा थॅलसेमियात हे बियाणेच बिघडते. मग जुने बियाणे औषधांनी नष्ट करून दुसऱ्याचे निरोगी बियाणे पेरावे लागते. मात्र पेशींवरच्या खुणा जुळल्या नाहीत, तर नव्या पेशी रोग्याच्या शरीरावरच उलटतात. अशी पहिली खूण फ्रेंच डॉक्टर झाँ दोसे यांनी १९५८ साली शोधली.

आईकडून आलेल्या पाच आणि वडिलांकडून आलेल्या पाच, अशा दहा खुणा डॉक्टर पडताळतात. रक्तगट वेगळा असला तरी चालतो. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याचा संभव चारांत एक. घरात कोणी जुळले नाही तर? शर्ली नोलन या मातेपुढे हाच प्रश्न होता. तिने १९७४ साली लंडनमध्ये अनोळखी दात्यांची नोंदवही उघडली. तिच्या अँथनीला दाता मिळाला नाही; १९७९ मध्ये तो गेला. वही मात्र राहिली. आज जगभरच्या अशा वह्यांत चार कोटींहून अधिक नावे आहेत.

तुम्ही म्हणाल, मग आपली काय गरज? गरज आहे. आपले सोयरसंबंध पिढ्यान्‌पिढ्या ठराविक वर्तुळातच झाले. त्यामुळे आपल्या रोग्याला जुळणारा माणूस आपल्यातच सापडण्याचा संभव जास्त. आणि आपली नावे फार थोडी. २००९ पासून आपल्या देशात ‘दात्री’ ही संस्था हे काम करते आहे.

नाव नोंदवताना गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात, एवढेच. पुढे जुळणी झालीच, तर चार-पाच दिवस इंजेक्शने घ्यायची. मग हातातून रक्त यंत्रात जाते; मूळ पेशी वेगळ्या होतात, उरलेले रक्त परत अंगात येते. ती झीज शरीर काही आठवड्यांत भरून काढते.

पण एक गोष्ट गाठीला बांधा. पेरणीआधी रोग्याचा मगज औषधांनी जाळलेला असतो. त्या वेळी दात्याने पाठ फिरवली, तर रोग्याला परतीची वाट राहत नाही. तेव्हा नाव देण्याआधीच घरात बोला, शंका विचारा, भीती वाटत असेल तर खुशाल नाही म्हणा. शिक्षकबंधूंनो, मुलांना हेही सांगा. एकदा दिलेला शब्द मात्र पाळायचा.