मागे राहिलेले आणि बरोबर आलेले



शेजारच्या उल्हासनगरात पत्ता विचारा, लोक आजही कॅम्प नंबर सांगतात. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे इथल्या लष्करी बराकींत आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. घरदार, दुकान, शेती सगळे सिंधमध्ये राहिले. त्याची हळहळ त्यांच्या म्हाताऱ्या माणसांकडून आम्ही ऐकली आहे.

आमचे वाडवडीलही गाव सोडून अंबरनाथ-बदलापूरला उतरले. कोणी विमकोत काडेपेटीच्या कामाला लागले, कोणी मिळेल ते केले. मागे काय राहिले? एक खोपट आणि येसकराची काठी. १९५८ च्या कायद्याने महारवतन संपले, पण कित्येकांनी काठी त्याआधीच टाकली होती. तिच्यासाठी कोणी रडल्याचे आम्ही तरी ऐकले नाही! पाटलाच्या हाकेची भीती वेशीवरच राहिली. १९५६ नंतर देवीच्या कोपाचीही गेली.

एक भीती मात्र गाडीत बसून आली. भाड्याची खोली बघायला गेले की आधी आडनाव विचारत. कोणी आडनाव बदलले, कोणी दारावर पाटीच लावली नाही. आमच्या आया मात्र बाबासाहेबांचा फोटो दारासमोरच्या भिंतीवर लावीत. मग येणाऱ्याला काही विचारावे लागत नसे.