आधी वसतिगृह

कस्तुरबा गांधी मार्गावर आपलं महाराष्ट्र सदन आहे, म्हणून इथे मराठीतच विचारतो: दिल्लीत प्रवेश मिळाल्यावर पहिली अडचण कोणती आली? अभ्यासाची की खोलीभाड्याची?

शाहू महाराजांनी १९०२ साली कोल्हापूर संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासवर्गांसाठी ५० टक्के जागा राखल्या, हे आपल्याला पाठ आहे. पण त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं. पुढे इतर समाजांसाठीही काढली. राहायची सोय नसेल तर राखलेल्या जागेपर्यंत पोचणार कोण, हे त्यांना कळलं होतं. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी वर्ग सकाळी ठेवले. मुलाला वेळ नाही, तर कॉलेजने वेळ बदलली.

आज राखीव जागा कायद्याने मिळते. पण वसतिगृहाची यादी प्रवेशानंतर लागते, शिष्यवृत्ती उशिरा येते, आणि मराठीतून बारावी झालेली मुलगी इंग्रजी तासाला गप्प बसते. ती गावी परतली की आपण म्हणतो 'गळती'. जणू तीच गळली!

माझं मागणं साधं आहे. प्रवेशाच्या पत्रावरच खोली, मेस आणि शिष्यवृत्तीची तारीख छापा.