नव्या गुडघ्याचे पहिले वर्ष

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, विवाहाचा खर्च, शेती अशा विषयांवर जाणत्यांची भाषणे होतात. यंदा कार्यकारी मंडळाने आम्हांस उभे केले आणि विषयही स्वतःच ठरवून दिला. तो विषय म्हणजे आमचा उजवा गुडघा! आम्ही काही वैद्य नव्हे. पवनी तालुक्यातील शाळांत हयातभर गणित शिकविले आणि घरची चार बांध्यांची शेती पाहिली, एवढीच आमची पात्रता. तथापि गेल्या वर्षभरात ज्ञातिबांधवांपैकी इतक्या जणांनी घरी येऊन "गुरुजी, खरे सांगा, करावे की करू नये?" असे विचारले की, एकदाच सर्वांस सांगून टाकणे बरे वाटले.

आपल्या भंडारा जिल्ह्यात गुडघे लवकर झिजतात, यात नवल ते काय? आपले जीवन धानाचे. पऱ्हे उपटणे, चिखलात वाकून रोवणी करणे, उकिडवे बसून निंदण काढणे, डोक्यावर भारे घेऊन धुऱ्यावरून चालणे, यांत गुडघ्याचा जितका कस लागतो तितका क्वचितच दुसऱ्या कामात लागत असेल. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते ती झिजते आणि मग हाडावर हाड घासू लागते. तेल, शेक, सुंठ, लेप यांनी वेदना घटकाभर विसरते. झिजलेली कूर्चा काही परत येत नाही. आम्ही दहा वर्षे हे सर्व केले. अखेरीस शाळेच्या दोन पायऱ्या चढताना मुलांनी हात धरावा लागे, तेव्हा नागपूरची वाट धरली.

या शस्त्रक्रियेचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत ग्लुक नावाच्या शल्यविशारदाने हस्तिदंताचा सांधा बसवून पाहिला. तो टिकला नाही. आज जो गुडघा बसवितात त्याचे मूळ रूप १९७४ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका अस्थिरुग्णालयात सिद्ध झाले आणि ते सिद्ध करणाऱ्यांत डॉ. चित्तरंजन राणावत हे आपले भारतीय होते. पुढे याच राणावतांनी तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजव्यावर जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया केली. खेड्यापाड्यांत 'गुडघा बदलतात' ही गोष्ट ठाऊक झाली ती बहुधा तेव्हापासूनच. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा आठवड्यांतच, जुलै २००१ मध्ये, वाजपेयी आग्र्याच्या शिखर परिषदेस बसले होते. त्यांच्या त्या संथ चालीची टवाळीही झाली. आम्हीही त्या काळी हसलो असू. आता हसू येत नाही.

'गुडघा बदलणे' हा शब्दच फसवा आहे. संपूर्ण सांधा काढून नवा बसवीत नाहीत. मांडीच्या व नडगीच्या हाडांची झिजलेली टोके काही मिलिमीटर तासून त्यांवर धातूचे कवच बसवितात आणि मध्ये टणक प्लास्टिकची गादी ठेवितात. स्नायू, शिरा, कातडी ही सगळी आपलीच जुनी राहतात. वर्षानुवर्षे आखडलेले ते स्नायू एका दिवसात नव्या सांध्याशी जुळवून घेत नाहीत. पुढील सर्व दुःखाचे कारण येथे आहे, आणि नेमके हेच आम्हांस आधी कोणी समजावून सांगितले नव्हते. आम्ही ज्या रुग्णालयात गेलो तेथील कागदावर 'दुसऱ्या दिवशी चाला' असे ठळक अक्षरांत छापले होते. ते खोटे नव्हते; दुसऱ्या दिवशी वॉकर धरून आम्हांस दहा पावले चालविलेही. परंतु सहाव्या आठवड्यात काय होईल, याविषयी त्या कागदावर एक ओळ नव्हती.

माघात शस्त्रक्रिया झाली. धानाची मळणी उरकलेली; रोवणीस पाच महिने अवकाश. तोवर आपण ठणठणीत होऊ असा आमचा हिशेब. घरी आलो आणि तिसऱ्या रात्रीपासून झोप गेली. दिवसा चार माणसे येत-जात, वेदना सुसह्य वाटे. रात्री दोन वाजता सारे घर निजलेले, दूर कोठे टिटवी ओरडते आहे, आणि पाय असा ठणकतो आहे की कूस बदलणेही नको. दोन-अडीच आठवडे लोटल्यावर एका रात्री आम्ही सौभाग्यवतींना म्हणालो, "यापेक्षा जुना गुडघा बरा होता. उगाच केले हे."

त्या म्हणाल्या, "अहो, जुना बरा असता तर तुम्ही नागपूरला कशाला गेले असते?"

उत्तर बिनतोड होते. पण त्याने पाय थांबला नाही. पुढे कळले की ही निराशा जवळजवळ प्रत्येकास येते. शौर्य दाखवून गोळी टाळणे ही आमची पहिली चूक. वेदना शिगेस पोहोचल्यावर घेतलेली गोळी उशिरा लागू पडते. ठरल्या वेळी घेतली आणि व्यायामाच्या अर्ध्या-पाऊण तासापूर्वी घेतली, तर गुडघा वाकविता येतो. मात्र दुकानातून मनाने आणलेल्या वेदनाशामक गोळ्या वृद्धांच्या, विशेषतः रक्तदाब व मधुमेह असणाऱ्यांच्या, मूत्रपिंडास घातक ठरतात. जे घ्यावयाचे ते डॉक्टरांस विचारूनच.

दुसरी चूक उशीची. गुडघ्याखाली उशी ठेवली की गोड आराम वाटतो आणि घरची माणसे प्रेमाने ती ठेवितातच. तसे निजत राहिल्यास गुडघा किंचित वाकलेलाच राहतो, पुढे सरळ होत नाही आणि माणूस जन्माचा लंगडतो. उशी ठेवावयाची तर टाचेखाली ठेवावी.

तिसरी चूक सांगताना संकोच वाटतो. आमच्या वडील आतेबहीण मुद्दाम पाहावयास आल्या. माया अपार. त्यांनी रुईची पाने तव्यावर गरम करून गुडघ्याच्या बाहेरच्या अंगास बांधली. या शस्त्रक्रियेनंतर जखमेच्या बाहेरील बाजूची कातडी बधिर होते, कित्येकांची कायमची थोडी बधिर राहते. त्यामुळे भाजल्याचे आम्हांस कळलेच नाही. सायंकाळी पाहतो तो मोठा फोड! पुन्हा नागपूर. डॉक्टरांनी बोलणी केली ती योग्यच होती. जंतू एकदा का त्या धातूवर जाऊन बसले की औषधास दाद देत नाहीत. प्रसंगी सांधा काढावा लागतो. आमचे थोडक्यात निभावले. नव्या गुडघ्यास शेक नव्हे, फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावावा. जखमेतून पाणी येणे, थंडीताप, पोटरी सुजून दुखणे, एकाएकी दम लागणे यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. पोटरीतील रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली तर जीव जातो.

भंडाऱ्याहून व्यायाम शिकवावयास एक मुलगी येत असे. वयाने आमच्या नातीएवढी, पण शिस्त हेडमास्तरांची. "आजोबा, आज पासष्ट अंश झाले, नव्वद व्हायचे आहेत," असे म्हणून ती रडकुंडीस आणी. अंश म्हटल्यावर आमच्यातला गणितशिक्षक जागा झाला. माळ्यावरचा फळ्याचा लाकडी कोनमापक काढला आणि रोज सकाळी गुडघ्याचा कोन मोजून वहीत लिहू लागलो. साधे चालावयास सुमारे पासष्ट अंश लागतात, जिना चढावयास नव्वदच्या आसपास, खुर्चीतून सहज उठावयास त्याहून थोडे अधिक. तिसऱ्या आठवड्यात पासष्ट, सहाव्यात अठ्ठ्याऐंशी. मग तीन आठवडे आकडा हलेचना! एखाद्या दिवशी फार चाललो की सूज येई आणि वही चार अंश मागे जाई. ती मुलगी म्हणे, "काल आणि आज पाहू नका, मागच्या महिन्याचे पान पाहा." पान पाहिले की धीर येई. चौथ्या महिन्यात एकशे दहा झाले आणि तेथेच बहुतेक थांबले.

आषाढात रोवणी लागली. काठी टेकीत धुऱ्यापर्यंत गेलो. बांधीत उतरावयाची मनाई होती आणि ती पाळली. चिखलात पाय रुतून पिळला तर सगळेच गेले. दिवाळीनंतरच्या मंडईस मात्र घरापासून चालत गेलो, रात्री नाटकाचा पहिला अंक पाहिला आणि चालतच परतलो. गुडघा त्या रात्री ऊन लागत होता. तो सहा-आठ महिने तसा लागतोच. आता चालताना कधी 'टक्' असा आवाज होतो. नात म्हणते, "आजोबा, तुमचा पाय बोलतो."

"करावे की करू नये?" याचे आमचे उत्तर असे. आम्ही पुन्हा केले असते. परंतु सर्वांस गुण येतोच असे नव्हे. सुमारे पाचांपैकी एक रुग्ण असमाधानी राहतो, हे शल्यविशारद स्वतःच लिहितात. ज्याची वेदना गोळी व व्यायाम यांनी आवरते त्याने घाई करू नये. टिकण्याची चिंता फार नको : २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या पाहणीनुसार शंभरांतील सुमारे ८२ गुडघे २५ वर्षे टिकतात. खर्चाविषयी एवढेच की, पूर्वी नुसता सांधाच दीड लाखाच्या घरात जाई. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र शासनाने नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत कर वगळून ५४,७२० रुपये ठरविली. शस्त्रक्रियेचा व खोलीचा आकार त्यात येत नाही. म्हणून बिलात सांध्याची किंमत निराळी मागून घ्यावी.

आता एक अवघड गोष्ट बोलतो. रोवणी कोण करते? आपल्या स्त्रिया. गुडघे कोणाचे अधिक झिजले आहेत? त्यांचेच. आणि आमच्या पाहण्यात ज्या शस्त्रक्रिया झाल्या त्यांत पुरुषच अधिक. आमच्या सौभाग्यवतींचे दोन्ही गुडघे आमच्याहून वाईट आहेत. आमची न्हाणी, पथ्य, रात्रीचे उठणे सर्व त्यांनीच त्या गुडघ्यांवर केले आणि आम्ही अंश मोजीत बसलो. त्यांना शस्त्रक्रियेचे विचारले तर म्हणतात, "मी निजले तर करील कोण?" ज्या एक-दोघी भगिनींची झाली त्या पंधराव्या दिवशी चुलीपुढे बसल्या, त्यांचे गुडघे आखडले आणि दोष मात्र शस्त्रक्रियेस लागला. निदान सहा आठवडे स्वयंपाक, पाणी, केर यांची दुसरी सोय घरातील पुरुषांनी आधी करावी आणि मगच तारीख घ्यावी.

मंडळासही एक विनंती आहे. नव्या गुडघ्याने मांडी घालून बसवत नाही, उकिडवे तर नाहीच. समाजभवनात पंगतीच्या एका बाजूस दहा-बारा खुर्च्या व बाके, एक खुर्चीचे शौचकूप आणि पायऱ्यांस कठडा एवढे करावे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, असा नियम आहे. पण धरावयास काही असेल तरच ना! तसेच वॉकर, काठ्या, शौचाची खुर्ची ही सामग्री दोन महिन्यांपुरतीच लागते; प्रत्येक घराने विकत घेण्याचे कारण नाही. भवनात एक कपाट ठेवावे आणि नोंदवही घालावी.

आमचा वॉकर आजच देण्यास तयार आहोत. सपरीत उभा आहे, खालची रबरे नवी बसविली आहेत. ज्यास हवा त्याने न्यावा. फक्त माघापूर्वी परत आणून द्यावा. सूनबाई व चिरंजीव यांनी स्वयंपाकाच्या पाळ्या लावल्या आहेत, आम्हीही भात लावावयास शिकलो आहोत, आणि नागपूरची तारीख यंदा आमच्या सौभाग्यवतींच्या नावे घेतली आहे.