मयताच्या घरीही जा

आज पदवी घेतलेल्या माझ्या मुलींनो आणि मुलांनो,

तुमचं मनापासून अभिनंदन. तुमच्या आईवडिलांचंही अभिनंदन, त्यांनी फी भरली आहे आणि रात्रपाळीच्या दिवसांत फोनची वाट पाहिली आहे. हारतुरे झाले, फोटो झाले. आता मला जे सांगायचं आहे त्याकडे वळते.

मी सहायक परिचारिका म्हणून जिल्हा परिषदेच्या नोकरीत लागले आणि आरोग्य विभागातूनच निवृत्त झाले. उपकेंद्राची नर्सबाई म्हणून माझी बहुतेक उमेदीची वर्षं उमरगा तालुक्यात गेली. सपाटीच्या भागात 5 हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र, हा नियम तेव्हाही होता. त्या 5 हजार माणसांच्या मी किती वह्या भरल्या असतील! गरोदर मातांची वही, लसीकरणाची वही, जोडप्यांची वही, जन्म-मृत्यूची वही, क्लोरीनची वही. आढावा बैठकीत आम्हाला भिंतीला लागून उभं करायचे आणि एकेकीला आकडे विचारायचे. आकडा कमी भरला तर सगळ्यांसमोर बोलणी. गावात काय घडतंय, माणसं कशी आहेत, हे त्या बैठकांत मला कोणी विचारलं नाही. ही तक्रार मी नोकरीत असतानाही केली होती आणि आज व्यासपीठावरूनही करते, कारण तुमच्यापैकी काहीजणींना तशाच बैठकांना जायचं आहे.

त्या काळी कुटुंबनियोजनाचं टार्गेट असायचं. मार्चअखेर जवळ आली की ‘केसेस’ आणायच्या. तुमच्या पिढीला हे ऐकून माहीत असेल, कारण एप्रिल 1996 पासून ती पद्धत सरकारने बंद केली. त्याआधी मात्र आमचं वर्षभराचं काम एका आकड्यावर मोजलं जायचं. बाळंतपणं किती सुखरूप केलीस, याला दुसरा नंबर.

हे सांगण्याचं कारण आहे. मला एका घराबद्दल बोलायचं आहे. त्या घराचं नाव आणि गाव मी सांगणार नाही, ती माणसं आजही तिथं राहतात.

30 सप्टेंबर 1993. पहाटे तीन वाजून 56 मिनिटं. भूकंप. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती आणि पितृपंधरवडा लागायचा होता. आमच्या भागातली घरं म्हणजे दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर माळवद. पावसात गळू नये म्हणून दरवर्षी त्यावर मातीचा थर चढवायचा. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच माळवद त्या पहाटे माणसांच्या अंगावर आलं. किल्लारी, सास्तूर ही नावं तुम्ही वाचली आहेत. आसपासची कितीतरी गावं त्यांच्यासोबत गेली, हजारो माणसं गेली. त्यात पाऊस. चिता पेटेना.

मी सांगते ते घर वारकऱ्यांचं. घरातले कर्ते म्हातारे माळकरी, सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. दोन मुलगे, दोन सुना, एक लेक जवळच्याच तालुक्यात दिलेली. त्या पहाटे आबांची बायको गेली आणि थोरल्या सुनेची दोन्ही मुलं गेली. मोठी पाच वर्षांची मुलगी होती, धाकटा अंगावर पिणारा. थोरली वाचली. धाकटी सून दिवस भरत आले म्हणून माहेरी गेली होती, म्हणून तीही वाचली.

मदत आली. तंबू आले, जवान आले, डॉक्टर आले, आणि नंतर पत्र्याची शेडं उभी राहिली. आमची ड्यूटी त्या शेडांमध्ये लागली. जखमा बांधायच्या, पाण्यात क्लोरीन टाकायचं, धनुर्वाताची इंजेक्शनं द्यायची, गरोदर बायका शोधून त्यांची यादी करायची. त्या यादीतली माणसं शोधत मी आबांच्या शेडात गेले. धाकटी माहेरी आहे हे कळलं, तशी नोंद केली आणि निघाले. तेव्हा कोपऱ्यात थोरली बसलेली दिसली. अंगावर मदतीत आलेलं कुणाचं तरी सैल पोलकं, आणि त्याचा पुढचा भाग भिजून कडक झालेला. दूध होतं ते. पिणारं लेकरू जाऊन पाच-सहा दिवस झाले होते, आणि तिच्या छातीत गाठी झाल्या होत्या, हात लावू देत नव्हती. ताप होता. तिथल्या रोजच्या तपासणीत ती कुठल्याच रांगेत बसत नव्हती. जखमी नव्हती, गरोदर नव्हती, बाळंतीण म्हणावं तर बाळ नव्हतं.

शेजारच्या म्हातारीने मोगऱ्याची फुलं बांधायला सांगितलं होतं. त्या ढिगाऱ्यांत मोगरा कुठून आणणार? मी गार पाण्याच्या घड्या ठेवल्या, दुखणं सहन होईल इतपतच दूध काढून दिलं, पॅरासिटामॉल दिलं, डॉक्टरांना दाखवून तापाचं औषध सुरू केलं. तिसऱ्या दिवशी ती पहिल्यांदा बोलली. “कशाला येता वो बाई, माझ्याकडं लिहायला काय राहिलंय?” असं म्हणाली. मुलींनो, वहीला घाबरणारी माणसं मी खूप पाहिली होती. आपण वहीतून गेलो म्हणून रडणारी बाई मी तेव्हा पाहिली.

आता एक राग सांगते, तो अजून गेलेला नाही. त्याच दिवसांत कुठून कुठून ट्रक यायचे. जुने कपडे, बिस्किटं आणि दुधाच्या भुकटीचे डबे. बाटल्यांसकट. अंगावर पाजणाऱ्या बायकांच्या हातात डबे दिले जात होते, त्यांचे फोटो काढले जात होते. बाटल्या उकळायला पाणी नाही, सरपण नाही, शेडाबाहेर चिखल. मुलांना हगवण लागली. बाळाच्या भुकटीची अशी फुकट वाटणी करू नये, असा कायदा 1992 साली झाला होता आणि तो 1 ऑगस्ट 1993 पासून लागू होऊन दोनच महिने लोटले होते. मी एका ट्रकवाल्या कार्यकर्त्याला अडवलं. तो म्हणाला, सिस्टर, लोक उपाशी आहेत आणि तुम्ही नियम सांगता? मी डबे परत पाठवले नाहीत, आईच गेलेल्या लेकरांसाठी ठेवून घेतले आणि वाटी-चमच्याने पाजायला शिकवलं. पण जिथं आई आहे तिथं तिला नीट जेवू घाला, ती बाळाला पाजेल, हे सांगता सांगता माझा घसा बसला. पूर आला, साथ आली की तो ट्रक आजही येतो. तुम्ही अडवा.

पुन्हा आबांच्या घराकडे येते. धाकटीला माहेरी मुलगी झाली आणि थंडीच्या अखेरीस ती शेडात परतली. थोरलीने त्या मुलीला घेतलं नाही. घरात कोणी तिला आग्रह केला नाही, याचं श्रेय आबांना. ते रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणायचे. टाळ, पखवाज सगळं ढिगाऱ्यात गेलं होतं, नुसत्या तोंडाने म्हणायचे, आणि थोरली त्यात येऊन बसली काय, न बसली काय, एक शब्द बोलायचे नाहीत.

मग लेकीचा निरोप आला. तिलाही दिवस गेले होते, पहिलटकरीण. सासरची मंडळी म्हणाली, इथंच होऊ द्या बाळंतपण, तुमच्याकडे आता आई नाही, घर नाही. आबा स्वतः जाऊन लेकीला घेऊन आले. “माहेर हाय की अजून,” एवढंच म्हणाले. वैशाखात पत्र्याच्या शेडात बाळंतपण! मी मनातून नाराज होते. तालुक्याच्या दवाखान्यात नेऊ, असं ठरवलंही होतं. पण पहाटे कळा जोरात आल्या, गाडी मिळेपर्यंत वेळ उरला नाही, आणि मुलगा शेडातच झाला. नवं ब्लेड, उकळलेला दोरा, सगळं पिशवीत तयार होतं. दिवसा पत्रा तापून भट्टी व्हायची, म्हणून आबांच्या धाकट्या मुलाने वर ओली गोणपाटं टाकली. शेडाच्या लोखंडी अँगलला काटा अडकवून झोळीत बाळ तोललं. 2 किलो 600 ग्रॅम.

आणि बाळंतिणीचं कोणी करायचं? आई नव्हती. थोरली उठली. कोणी सांगितलं नाही. तिने पाणी तापवलं, अंगाला तेल लावलं, बाजरीची पेज केली, बाळाचे कपडे धुतले. पाचवीला सटवाईची पूजा करायची तर पाटा-वरवंटा पाहिजे. आबांनी जुन्या गावात जाऊन ढिगाऱ्यातून आपला पाटा शोधून आणला. वरवंटा सापडला नाही, शेजारणीचा घेतला. थोरली पूजेला मात्र बसली नाही. “त्या बाईनं माझ्या लेकरांच्या कपाळी काय लिवलं ते बगितलं मी,” असं म्हणाली आणि बाहेर जाऊन भांडी घासू लागली. रात्रभर दिवा विझू नये म्हणून तेल मात्र तीच घालत होती. मी तिथं होते.

आमच्या प्रशिक्षणात पाचवी, सटवाई, धुरी हे सगळं ‘अंधश्रद्धा’ या एका मथळ्याखाली शिकवायचे. नाळेला शेण, राख लावू नका, हे मी आयुष्यभर भांडून सांगितलं आहे आणि तुम्हीही सांगा. पण पाटा पुजला म्हणून कोणाचं बाळ दगावत नाही. त्या घरात पाटा नसता तर त्या दिवशी माणसं एकत्र बसली नसती. आबांची श्रद्धा जशीच्या तशी राहिली आणि थोरलीची मोडली. दोघंही एकाच शेडात राहिली, एकाच चुलीवरचं जेवली. कोणाला श्रद्धा शिकवायच्या भानगडीत मी कधी पडले नाही आणि कोणाची काढून घ्यायच्याही नाही.

आषाढीला आबा वारीला निघाले. थोरलीला म्हणाले, देवाला भेटू नको, चालायला चल. ती गेली. परत आल्यावर एक दिवस माझ्याकडे उपकेंद्रावर आली आणि दार लावून घेतलं. “नस उघडता येती का?” तिचं दुसऱ्या मुलानंतर ऑपरेशन झालेलं होतं. मीच तिला शिबिराला नेलं होतं. तिच्या मर्जीने झालं होतं, दोन मुलं हवी होती, दोन झाली होती. त्या वर्षी हा प्रश्न घेऊन येणारी ती एकटी नव्हती. नळ्या पुन्हा जोडण्याचं ऑपरेशन होतं, पण नळीचा किती भाग शिल्लक आहे, यावर त्याचं यश अवलंबून असतं. टार्गेटच्या शिबिरांत कोणी कधी बाईला हे आधी समजावून सांगितलं नव्हतं. केस झाली, आकडा भरला. मुलं गमावलेली बाई पुन्हा त्याच वहीत यायला तयार होती, आणि माझ्याकडे तिच्यासाठी कुठला रकाना नव्हता. पहिलं वर्षश्राद्ध उरकल्यावर तिचं ऑपरेशन मोठ्या दवाखान्यात झालं. तिला दिवस गेले नाहीत. पुढेही नाही.

नवं गाव वसलं. जमिनीच्या मानाने 250, 450, 750 चौरस फुटांची पक्की घरं मिळाली, रस्ते सरळ झाले. पार नाही, बोळ नाही, म्हणून म्हाताऱ्या माणसांना करमेना. जुन्या गावातला मारुती हलवायचा की नाही, यावर वर्षभर वाद चालला. थोरली नव्या गावात अंगणवाडीची मदतनीस झाली आणि त्या पुतणी-भाच्यालाच नाही, गावातल्या कितीतरी मुलांना तिने भरवलं.

तुम्ही म्हणाल, बाई जुन्या गोष्टी सांगतात. जुन्या नाहीत त्या. आनंदीबाई जोशींचं बाळ दहा दिवसांत गेलं तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या, आणि त्या दुःखातून निघून 1886 साली त्या डॉक्टर झाल्या. आपल्या मराठी मुलखात बाईच्या डॉक्टरकीची सुरुवात मयताच्या घरातून झाली आहे. आणि आज काय आहे? 2011 पासून आशाताई नवजात बाळाच्या घरी भेटी देतात, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. चांगली योजना आहे, गडचिरोलीत बंग दांपत्याच्या कामातून ती वाट दिसली आणि तिने बाळं वाचवली. पण त्या भेटींचे 250 रुपये मिळायला आई आणि बाळ बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सुखरूप असावं लागतं, अशी अट घातली होती. म्हणजे ज्या घरात बाळ गेलं, त्या घराची वाट आपणच बंद केली. आई गेली तर आपण जातो, तेही अन्वेषणाचा फॉर्म भरायला, पाच माणसं, गाडी घेऊन. मृत बाळ जन्मलेल्या बाईला दवाखान्यातून सोडलं की तिच्या छातीतल्या दुधाचं काय झालं, हे कोणी विचारत नाही.

तुम्ही परदेशात जाल, मोठ्या इस्पितळात जाल, अतिदक्षता विभागात काम कराल. जा. कुठेही असलात तरी मयताच्या घरी जा. इस्पितळात असाल तर फोन करा. छातीत गाठी आल्या का, ताप आहे का, जेवण जातं का, झोप लागते का, हे विचारा. वही घेऊन जाऊ नका.

आणि प्राचार्य बाईंना माझी जाहीर विनंती आहे. या मुलींच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत गरोदर मातेच्या, बाळंतिणीच्या, नवजात बाळाच्या भेटी लिहायच्या असतात. त्यात मूल गेलेल्या आईच्या घरची एक भेट सक्तीची करा. अभ्यासक्रम बदलायला दिल्लीची परवानगी लागेल, वहीत एक पान वाढवायला लागत नाही. पुढच्या तुकडीपासून ते पान छापा.