मत दिल्यानंतरची पाच वर्षे



गोव्याच्या विधानसभेची मुदत २०२७ च्या मार्चमध्ये पुरी होते आणि तत्पूर्वी तेथे निवडणूक व्हावयाची असते. ह्या निवडणुकीचे निमित्त करून आम्ही आज बोलणार आहोत. कोणाला किती जागा मिळतील हे सांगण्याचा आमचा मानस नाही. ते काम ज्योतिषी आणि वृत्तपत्रे ह्यांनी आपसांत वाटून घेतलेले आहे. शेजारच्या लहानशा राज्याची निवडणूक येथे कशाला, अशी शंका मात्र कोणी काढील, तर तिचे उत्तर असे की, मोठ्या गिरणीतील यंत्र कसे चालते हे बाहेरून पाहणाऱ्यास कळत नाही. पण मनगटावरचे घड्याळ उघडले की कोणते चाक कोणत्या चाकाला फिरवते ते दिसू लागते. महाराष्ट्रात एका आमदारामागे सव्वातीन लाखांवर मतदार आहेत. गोव्यात २०२२ साली एकंदर मतदारच साडेअकरा लाखांच्या आसपास होते आणि विधानसभेच्या जागा ४०. म्हणजे एका मतदारसंघात तीस हजारांच्या आतबाहेर माणसे. उमेदवाराला मतदारांची घरे पाठ असतात आणि मतदारांना उमेदवाराचे आजोबा!

संसदीय पद्धतीत आपण मत एकच देतो, पण त्या एका मताने दोन कामे होतात. पहिले, आपला प्रतिनिधी निवडला जातो. दुसरे, त्या प्रतिनिधीच्या हातून सरकार निवडले जाते. मुख्यमंत्र्याला आपण प्रत्यक्ष निवडीत नाही. तो सभागृहाच्या विश्वासावर बसतो आणि विश्वास संपला की उठतो. पहिले काम मतदानाच्या दिवशी संपते, दुसरे पाच वर्षे रोज चाललेले असते. आमचे आजचे बोलणे ह्या दुसऱ्या कामाविषयी आहे, कारण गोव्यात पहिले काम मतदारांनी चोख बजावले आणि दुसरे मात्र वेळोवेळी त्यांच्या हातून निसटले, असा त्या राज्याचा इतिहास सांगतो.

गोव्याचा मतदार अडाणी आहे असे कोणी म्हणेल तर त्याने १९६७ साल आठवावे. महाराष्ट्रात विलीन व्हावयाचे की संघप्रदेश म्हणून वेगळे राहावयाचे, ह्या प्रश्नावर त्या वर्षी १६ जानेवारीला जनमत कौल झाला. कौल निर्वेधपणे व्हावा म्हणून दयानंद बांदोडकर ह्यांचे मंत्रिमंडळ त्यापूर्वीच बाजूला झाले होते. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली आणि वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१. महाराष्ट्रातल्या पुष्कळांना हा निकाल तेव्हा झोंबला. पण आम्हांस त्यातली पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, विधानसभेची निवडणूक झाली, आणि विलीनीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच त्या मतदारांनी पुन्हा सत्तेवर बसवले. प्रश्न वेगळा आणि प्रतिनिधी वेगळा, हा विवेक पोर्तुगीज सत्ता जाऊन जेमतेम पाच वर्षे झालेल्या लोकांनी दाखवला. तो अनेक जुन्या लोकशाह्यांनाही साधत नाही.

मतदार असे शहाणे, प्रतिनिधींचे काय? १९७९ साली शशिकला काकोडकर ह्यांचे सरकार स्वपक्षातील काही आमदार विरोधात गेल्याने कोसळले. तो केवळ आरंभ होता. १९८७ च्या ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाले, जागा ४० झाल्या, १९८९ च्या निवडणुकीत काँग्रेसला २० मिळाल्या; आणि १९९० च्या मार्चमध्ये त्यातले सातजण फुटले. ह्या सातांत खुद्द सभापती होते! जो गृहस्थ पंच म्हणून मैदानात उभा, तोच एका बाजूने खेळू लागला. त्यानंतरच्या मुख्यमंत्र्यांपैकी एक १८ दिवस टिकले, आणि १९९४ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या एकांचा आठवडाही पुरा झाला नाही. १९९० ते २००० ह्या काळात मुख्यमंत्रिपदाची शपथ दहाहून अधिक वेळा घेतली गेली. सगळी नावे सांगत बसलो तर व्याख्यानाची वेळ त्यातच संपेल.

ह्यावर कोणी म्हणेल, पक्षांतरबंदीचा कायदा नव्हता काय? होता. १९८५ साली ५२ वी घटनादुरुस्ती होऊन दहावे परिशिष्ट घटनेत आले. पक्ष सोडणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाईल, असे त्यात सांगितले. पण विधिमंडळ पक्षातील एकतृतीयांश सदस्य एकत्र बाहेर पडले तर ते पक्षांतर नव्हे, ती ‘फूट’ आहे, असेही सांगितले. आता विसांतले सात हा हिशेब पाहा. विसाचा तिसरा हिस्सा पावणेसातच्या किंचित आत, म्हणून माणसे सात. २००३ साली ९१ व्या दुरुस्तीने ‘फुटी’ची ही सवलत काढून टाकली, तेव्हा पुष्कळांना वाटले, आता दार बंद झाले. पण एक खिडकी उघडी राहिली होती. पक्षाचे दुसऱ्या पक्षात विलीनीकरण झाले आणि विधिमंडळ पक्षातील दोनतृतीयांश सदस्यांची त्याला संमती असली तर कोणाचे सदस्यत्व जात नाही.

पुढचा हिशेब आता श्रोत्यांनीच करावा. २०१९ च्या मार्चमध्ये मगो पक्षाच्या तीन आमदारांपैकी दोघे भारतीय जनता पक्षात गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० गेले. त्यांत विरोधी पक्षनेतेही होते, आणि ते उपमुख्यमंत्री झाले. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये काँग्रेसच्या ११ पैकी ८ गेले. तिघांत दोन, पंधरांत दहा, अकरांत आठ. सदसद्विवेकबुद्धी जागी होते ती प्रत्येक वेळी नेमकी दोनतृतीयांश माणसांची कशी होते, हे कोडे त्रैराशिक शिकलेल्या कोणाही मुलाला सुटण्यासारखे आहे. एकटा माणूस गेला तर अपराध, आणि टोळीने गेला तर विलीनीकरण! चोरी एकट्याने केली तर शिक्षा आणि दहांनी मिळून केली तर ती सहकारी संस्था, असा नियम इतर कोणत्याही व्यवहारात आम्हांस आढळला नाही.

ह्यात केवळ एका पक्षाला दोष देणे बरोबर होणार नाही. नव्वदीच्या दशकात घरे फिरणारे होते, तसेच ती फिरवून घेणारे सर्वच बाजूंना होते. महाराष्ट्रानेही २०२२ आणि २०२३ साली काय पाहिले ते आपणांस सांगावयास नको. हरियाणात १९६७ साली ‘आया राम, गया राम’ हा वाक्प्रचार जन्मला तेव्हा लोक निदान हसले तरी होते.

कायद्याची वेळही पाहण्यासारखी आहे. २०१९ च्या जुलैतील पक्षांतराविरुद्धच्या तक्रारी सभापतींनी २०२१ च्या एप्रिलमध्ये फेटाळल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो निर्णय २०२२ च्या फेब्रुवारीत कायम केला. तोवर १४ फेब्रुवारीचे नव्या विधानसभेचे मतदानही उरकले होते. गोव्याच्याच एका खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले होते की, सदस्याने लेखी राजीनामा दिला नसला तरी त्याच्या वर्तनावरून त्याने पक्ष सोडला असे अनुमान काढता येते. तत्त्व उत्तम आहे. पण निवाडा प्रथम करावयाचा तो सभापतींनी, आणि सभापती निवडून येतात ते बहुमताने.

मोहाचे मूळही ह्या लहानपणात आहे. ९१ व्या दुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या शेकडा १५ वर आणली. चाळीसांचे शेकडा १५ म्हणजे सहा. पण लहान राज्यांसाठी किमान १२ मंत्र्यांची मुभा ठेवली आहे. बहुमताला लागतात २१ आणि मंत्री होऊ शकतात १२. सत्तेच्या बाकावर बसलेल्या दर दोघांत एकाला मंत्रिपदाची आशा धरता येते. इतका भरवसा मोठ्या राज्यातल्या आमदाराला कोठून असणार?

मतदारांनी हे मुकाट्याने सोसले काय? मुळीच नाही, आणि आम्हांस सर्वांत बोलकी वाटते ती हीच गोष्ट. २०१९ साली काँग्रेसमधून गेलेल्या त्या दहांपैकी २०२२ च्या निवडणुकीत तिघेच निवडून आले. मगोमधून गेलेले दोघेही पडले. सांत आंद्रे मतदारसंघात असा एक आमदार नव्या पक्षाच्या तरुण उमेदवाराकडून अवघ्या ७६ मतांनी हरला. एखाद्या वाड्यावर राहतात तितक्या माणसांनी तो निकाल फिरवला. ह्या निवडणुकीपूर्वी, २२ जानेवारीला, काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या क्रुसापाशी आणि बेतीच्या दर्ग्यात जाऊन पक्ष न सोडण्याची शपथ घेतली होती. तीन धर्मांच्या साक्षीने घेतलेली ती शपथ आठ महिनेही टिकली नाही. मतदारांनी जुन्या पक्षांतरवाल्यांना घरी बसवले आणि त्यांच्या जागी जे पाठवले त्यांतले काही तोच कित्ता गिरवू लागले! तेव्हा ‘लोकच असे, म्हणून पुढारीही तसे’ हे विधान येथे सरसकट लागू करता येत नाही.

सरसकट नाही, पण थोडे लागू आहे, आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पक्ष बदलणारा प्रत्येक आमदार एकच कारण देतो: मतदारसंघाचा विकास. विरोधात बसून कामे होत नाहीत, रस्ता येत नाही, नळ येत नाही, मुलांना नोकरी लागत नाही. हे कारण खपते, कारण आपणही ते मनातून खरे मानतो. विरोधी आमदार म्हणजे वाया गेलेले मत, अशी समजूत गावोगाव आहे. वस्तुतः रस्ता हा सरकारी पैशाचा, म्हणजे आपल्याच पैशाचा असतो. तो सत्ताधारी मतदारसंघाला बक्षीस म्हणून आणि विरोधी मतदारसंघाला शिक्षा म्हणून अडवला जात असेल, तर जाब विचारावयाचा तो सरकारला. उलट आपण आमदारालाच सांगतो, ‘तूही तिकडे जा बाबा.’ अंदाजपत्रकातील मागण्यांवर बोलणे, प्रश्न विचारून खात्याकडून आकडे बाहेर काढणे, विधेयकातील कलम वाचून दुरुस्ती सुचवणे, ही कामे नळाइतकी दिसत नाहीत. मात्र गोव्यासारख्या राज्यात जमिनीचे रूपांतर कोणाच्या सोयीने होते आणि खाणींचे पुढे काय करावयाचे, हे विचारणारा सभागृहात कोणी उरला नाही, तर नळाला पाणी आले तरी पुष्कळ काही गेलेले असते.

मग आमदाराला पक्षाशी जन्माचे बांधून टाकावे काय? आम्ही तसे म्हणत नाही. पक्षही बिघडतात, वचने मोडतात, आणि अशा वेळी बाहेर पडणाऱ्याला मार्ग असलाच पाहिजे. तो मार्ग गोव्यातच काहींनी दाखवलाही आहे. २०१७ साली काँग्रेसच्या एका आमदाराने जागेचा राजीनामा दिला आणि वाळपईची पोटनिवडणूक नव्या पक्षातर्फे लढवली. २०१८-१९ मध्ये शिरोडा आणि मांद्रे येथील दोघांनी तेच केले. त्यांचे हेतू काय होते ह्याची चौकशी आम्ही करीत नाही. सत्तारूढ पक्षाच्या बाजूने पोटनिवडणूक लढवणे सोपे असते हेही आम्ही जाणतो. तथापि त्यांनी निकाल मतदारांकडे सोपवला. त्यासाठी जो खर्च येतो तो आम्हांस महाग वाटत नाही. पक्ष सोडावयाचा तर जागाही सोडा, मग तुम्ही एकटे असा की दहाजण, असा साधा नियम घटनेत घालावयास संसदेला कोणतीही अडचण नाही. इच्छेची तेवढी वाण आहे.

तो नियम येत्या निवडणुकीपूर्वी होईल अशी आशा आम्ही धरीत नाही. दारावर येणाऱ्या उमेदवाराला मात्र एक प्रश्न विचारता येईल, आणि हल्ली तो कोणी विचारताना दिसत नाही. निवडून आल्यावर काय करणार, हे सर्वच विचारतात. आपण विचारावे: तुम्ही निवडून आलात आणि तुमचा पक्ष हरला, तर पुढची पाच वर्षे काय करणार? कोणत्या खात्याचे आकडे मागणार, कोणत्या विधेयकावर बोलणार, गावात परत येऊन हिशेब केव्हा देणार? आपल्या पक्षाच्या पराभवाचा विचार ज्याने कधी केलेलाच नाही, त्याला ह्याचे उत्तर देता येणार नाही. गोव्याच्या मतदारसंघाचा आकार लक्षात घेता हा प्रश्न प्रत्येक वाड्यावर, उमेदवार समोर उभा असताना आणि चार शेजारी ऐकत असताना विचारता येण्यासारखा आहे.

 उरलेली दहा मिनिटे प्रश्नांसाठी राखावीत अशी अध्यक्षमहाराजांस विनंती आहे.