कारकून, पोच आणि फोनमधला पुरावा



२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याच्या जागेचा निकाल अवघ्या २९६ मतांनी लागला. विजयी उमेदवाराचा अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर स्वीकारला गेला, असं म्हणत पराभूत उमेदवार उच्च न्यायालयात गेले. पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचा. अशा चित्रणाची प्रत दाखल करायची तर पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली प्रमाणपत्र हवं, आणि अधिकारी काही ते देईनात. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, प्रमाणपत्र सक्तीचंच. तरीही याचिकाकर्त्याला त्यातून मोकळीक मिळाली. कारण ते मिळवण्यासाठी त्यानं कार्यालयाकडे आणि न्यायालयामार्फतही शक्य ते सारं केलं होतं.

हे 'शक्य ते सारं' दाखवायचं कशावरून? अर्जांच्या प्रती, पोच आणि तारखा यांवरून. हे काम वकिलांच्या कारकुनांचं. आज त्यांच्याकडे पक्षकार कागदांऐवजी फोन घेऊन येतो, आणि म्हणतो, "सगळं यात आहे, भाऊसाहेब."

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी नवा साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र दोन भागांत असतं: एक फोन किंवा संगणक ज्याच्या ताब्यात, त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाईलची हॅश लिहावी लागते. हॅश म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून गणितानं काढलेली अक्षरांकांची ओळ. एक अक्षर बदललं, तरी ती पार बदलते. म्हणून "फोटो व्हॉट्सॲपवर टाका" हे नेहमीचं वाक्य आता महागात पडू शकतं. पाठवताना फोटो दाबून लहान केला जातो आणि हॅश जुळत नाही. कारकुनानं आधी विचारायला हवं: मूळ फोन कुणाचा, कुणी हाताळला, काही पुसलं का?

व्यापारी दाव्यांत तर ईमेल कुणाच्या खात्यातला, छापील प्रत कधी काढली, हेही शपथेवर सांगावं लागतं. हजारो ईमेल असले की सॉफ्टवेअर शब्दावरून शोधून देतं. पण आपली माणसं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात, 'पैसे' चार तऱ्हांनी, आणि कित्येकदा 'पैसे' न म्हणता 'ते काम' म्हणतात. यंत्राला काय शोधायचं ते सांगायला पक्षकाराची बोली जाणणारा माणूसच लागतो.

जुना कारकून नव्याला हाताखाली घेऊन शिकवायचा. आता मात्र फोनमधलं नव्याला जास्त कळतं आणि पोच का जपायची ते जुन्याला. वकील संघांनी दोघांना एकत्र बसवून प्रशिक्षण द्यावं; दाखल करायच्या दिवशी प्रमाणपत्रासाठी धावाधाव करण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.